उशिराचा भुर्दंड

परभणी

चि. ऋतुजास,

पीकविम्याची भरपाई रखडून मिळाली, तर लेखात 'बेटर लेट दॅन नेव्हर' म्हणावं का, असं तू विचारलंस. आपल्याकडे 'देर आए दुरुस्त आए' म्हणतात, तसंच हे. माझ्या मते, ज्याला ताटकळावं लागलं त्यानं खुशाल म्हणावं; ज्यानं ताटकळत ठेवलं त्याला तो अधिकार नाही. ही म्हण उशिराला वेळेशेजारी उभं करतच नाही, 'कधीच नाही'शेजारी करते. त्या मापानं कुठलाही उशीर माफच होतो. घेणाऱ्याच्या तोंडी ते समाधान, देणाऱ्याच्या तोंडी पळवाट.

आपल्या काळ्या रानात हा हिशेब स्पष्ट दिसतो. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याखेरीज पेरू नका, असं इथलं कृषी विद्यापीठ सांगतं. म्हणजे थांबणं हा दरवेळी दोष नव्हे. पण मूग-उडदाची वेळ जुलैच्या पहिल्या आठवड्यात सरते, सोयाबीन-कपाशीची साधारण 15 जुलैला. पुढे तूर, बाजरी, एरंडी, सूर्यफुलाकडे वळावं लागतं. हट्टानं सोयाबीनच पेरलं, तर दिवस लहान होऊ लागल्यानं ते पुरतं वाढण्याआधीच फुलावर येतं आणि उतारा घटतो. रान पडीक ठेवण्यापेक्षा उशिरा पेरलेलं बरंच. पण जे हुकलं ते हुकलंच.

तू म्हणशील, मराठवाडा 17 सप्टेंबर 1948ला, देशामागून 13 महिन्यांनी निजामाच्या राजवटीतून मुक्त झाला. म्हणून त्या मुक्तीचं मोल उणावलं का? नाही. स्वातंत्र्याला मूग-उडदासारखा हंगाम नसतो. तरीही मधल्या काळात निजामाच्या बाजूच्या रझाकारांच्या हातून जे मारले गेले, त्यांच्यासाठी ते आलंच नाही. दुसरा आक्षेप असा, की पैसा केव्हाही आला तरी कामालाच येतो. येतो, पण कामं बदलतात. ऑक्टोबरात आला तर हरभऱ्याचं बी होतं. पुढच्या उन्हाळ्यात आला तर सावकाराचं व्याज. विमा योजनेच्या 2018च्या सुधारित सूचनांनाही हे मान्य होतं: गारपिटीसारख्या नुकसानीची खबर शेतकऱ्यानं 72 तासांत द्यायची, आणि कंपनीनं भरपाई लांबवली तर 12 टक्के व्याज भरायचं. उशिराला किंमत असते, आणि ती उशीर करणाऱ्यानं मोजायची, हे तत्त्व त्यात आहे.

तेव्हा लेखात म्हण जरूर घाल. फक्त लगेच पुढच्या वाक्यात त्या उशिराचा भुर्दंड कुणी भरला, ते लिही.

तुझा,
काका