हरण्याचा एक हंगाम

हरण्या आमच्याकडे आला २०११ साली, वरखेडीच्या गुरांच्या बाजारातून. तेव्हा तो आदत होता, दुधाचे दात पडायचे होते. जात खिल्लार, अंग पांढरं, मान-खांद्यावर करडी झाक. नानांनी दात पाहिले, खूर पाहिले, मग त्याला बाजाराच्या कडेनं चालवायला लावलं आणि स्वतः धुळीतले ठसे बघत मागे गेले. मागचा खूर पुढच्या खुराच्या ठशापलीकडे पडत होता. सौदा तिथेच ठरला.

आमच्या भडगावला गिरणा नदीचं पात्र उन्हाळ्यात वाळूचंच असतं. तांबडं फुटायच्या आत नाना त्याला तिथे न्यायचे. वाळूत पाय रुततात, ते उचलायला जोर लागतो, मांडी भरते. दिवसा तो कापसात वखराला चालायचा. नुसता बांधून ठेवला की बैल माजतो, असं नानांचं मत. खुराकात सरकीची पेंड, भिजवलेली उडीद डाळ, दूध आणि गावठी अंडी. आजी माळकरी. तिनं अंड्यांचं भांडं चुलीपासून लांब ठेवायला लावलं, पण अंडी बंद करा असं कधी म्हणाली नाही. संध्याकाळी हरण्याच्या कपाळावरून पहिला हात तिचाच फिरायचा.

२०१३-१४ च्या हिवाळ्यात तो शंकरपटात उतरला. दोन बैल, हलकी गाडी, वर एक धुरकरी. जोडीदार शेजारगावचा, अंगानं थोराड. पहिल्याच पटात जोडी तिरकी गेली, कारण जोडीदार सुटताना उसळी मारायचा आणि हरण्या उसळी मारतच नसे. तो पहिली काही पावलं अंग सैल सोडून टाकायचा, मग टांग लांबवत जायचा आणि शेवटच्या टप्प्यात त्याच्या मानेची हालचालच थांबायची. नव्या धुरकऱ्यानं त्याच्यावर काठी उगारली तेव्हा नाना ओरडले, "त्याले मारानी गरज नही, तो त्याना मनवर पयस!" त्या दिवसापासून गाडीवर काठी गेली नाही. चैत्र येईपर्यंत ही जोडी कुणाला सापडली नाही. यात्रेत अनोळखी माणसं गोठ्याचा पत्ता विचारत आमच्याकडे येऊ लागली.

आणि ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. शर्यती बंद.

बैलांचे हाल होत होते, हे मी नाकारणार नाही. खिळे टोचणं, शेपटी चावणं, विजेचे झटके देणं हे थांबायलाच हवं होतं. पण ज्याच्या पाठीवर कधी वळ उठला नाही, त्याचं ऐन उमेदीचं वयही त्याच निकालात गेलं. २०१७ साली राज्यानं कायदा केला, तो उच्च न्यायालयात अडला. १६ डिसेंबर २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाची परवानगी मिळाली, तेव्हा हरण्या बारा वर्षांचा होता. नव्या नियमांत धाव हजार मीटरच्या आत, आणि काठी-चाबकाला मनाई. म्हणजे तो ज्या रीतीनं पळायचा, तीच आता नियमात होती.

पण त्याच्या पळण्याची नोंद कुठेच नाही. शर्यतीच्या इंग्रजी जातीच्या घोड्यांचं तसं नसतं. स्क्वाँडरर या घोड्यानं १९७० च्या दशकात १९ पैकी १८ शर्यती जिंकल्या, ट्रिपल क्राउन घेतला. त्याचे आईबाप, त्याचे प्रशिक्षक रशीद बैरामजी, त्याची प्रत्येक धाव कागदावर आहे. मुंबईत महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर धावलेला अगदी मागचा घोडाही वहीत सापडतो. पटाच्या बैलाची वही कुणी ठेवत नाही. जिंकलेल्या बैलाचं नाव पुढच्या यात्रेपर्यंत टिकतं, फार तर मालक जिवंत असेपर्यंत.

बंदीच्या वर्षांत दलाल दोनदा दारात आले. नानांनी त्यांना चहा पाजून परत पाठवलं. हरण्या वखर ओढत राहिला, पोळ्याला खांदेमळणी करून घेत राहिला, आणि २०२२ च्या पावसाळ्यात गेला. बांधावर त्याला पुरलं.

तेव्हा नोंद अशी : हरण्या, खिल्लार, खरेदी वरखेडी, मुक्काम भडगाव. पटावर एक हंगाम. हार एक, तीही पहिल्या दिवशीची. काठी लागली नाही.