केवळ शर्यतीसाठी

आमच्या मामांच्या गॅरेजमध्ये एक रबरी शिक्का आहे. सुटीच्या दिवसांत मी तिथे हिशेबाची वही लिहितो, त्यामुळे तो शिक्का मारण्याचे काम माझ्याकडे आले. वाणिज्य शाखेत शिकणारा भाचा चहा-भजीवर मिळत असताना मामा पगारी कारकून कशाला ठेवतील? गॅरेज उद्यमबागेत. गिऱ्हाइके निम्मी मराठी, निम्मी कानडी, म्हणून शिक्काही दोन भाषांत करून घेतलेला. वरच्या ओळीत 'केवळ शर्यतीसाठी' आणि खाली कानडीत 'स्पर्धेगे मात्र'.

मी मराठी माध्यमाच्या शाळेत शिकलो. कानडी आधी गल्लीत आली आणि मग पुस्तकातून. त्या काळात या 'मात्र' शब्दाने मला फार छळले. कानडीत त्याचा अर्थ 'फक्त'. मराठीत मात्र (पाहा, आलाच!) तो 'पण'च्या जागी बसतो. अजूनही घाईत असलो की माझे डोळे कानडी अक्षरे वाचतात आणि मन मराठी अर्थ लावते. मग शिक्क्याची खालची ओळ अशी ऐकू येते: शर्यतीसाठी, पण...

हा शिक्का ज्या बिलावर उमटतो त्या बिलावर बहुधा एकच काम असते. गाडीचा कन्व्हर्टर काढून त्या जागी सरळ पाइप बसवणे. कॉमर्सच्या वाचकांसाठी सांगतो, कारण मलाही हे मिस्त्रींनीच शिकवले. इंजिन आणि सायलेन्सर यांच्या मध्ये एक लोखंडी डबा असतो. त्याच्या पोटात मधमाशांच्या पोळ्यासारखी चिनी मातीची जाळी असते आणि त्या जाळीवर प्लॅटिनम, पॅलॅडियम, ऱ्होडियम अशा सोन्याच्या पंक्तीतल्या धातूंचा पातळ मुलामा. इंजिनातून आलेला विषारी कार्बन मोनॉक्साइड, अर्धवट जळलेले पेट्रोल आणि नायट्रोजनचे ऑक्साइड या जाळीतून जाताना बऱ्याच अंशी निरुपद्रवी होऊन बाहेर पडतात. भारतात 1995 साली चार महानगरांतल्या नव्या पेट्रोल गाड्यांना तो प्रथम सक्तीचा झाला. त्याला शिसे सोसत नाही, म्हणून त्याच्याबरोबर शिसेविरहित पेट्रोलही आले. आता शर्यतवाल्याला हा डबा म्हणजे धावणाऱ्याच्या तोंडावर बांधलेला रुमाल वाटतो. धूर जितका मोकळा सुटेल तितके इंजिन मोकळे. मिस्त्रींचे मत विचाराल तर, "ताकद वाढते चार आण्याची, आवाज वाढतो रुपयाचा."

पण हा चार आण्यांचा फायदा आमच्या दादाला हवा असतो. दादा म्हणजे मामांचा मोठा मुलगा. त्याच्याकडे 2012 सालची मारुती 800 आहे, 796 सी.सी.ची, तीन सिलिंडरची. माळावर शंकू मांडून एकेका गाडीला घड्याळ लावून सोडतात, त्या ऑटोक्रॉसमध्ये तो ही गाडी पळवतो. मागची सीट काढलेली, आत लोखंडी पाइपांचा पिंजरा. सोमवार ते शनिवार हीच गाडी स्पेअर पार्ट आणते, मामींना बाजारात नेते आणि पाऊस असला तर मला कॉलेजात सोडते. शर्यतीची वेगळी गाडी परवडेल इतके आमचे गॅरेज मोठे नाही.

मागच्या वर्षी आमच्या सरांनी कायद्याच्या तासाला सांगितले की, कलमात 'केवळ' हा शब्द दिसला की तिथे थांबून दोनदा वाचा. वर्ग हसला. मी मात्र शिक्क्याचा विचार करीत बसलो. त्या संध्याकाळी शोधता शोधता मला कळले की याच शब्दावरून अमेरिकेत मोठे रण माजले होते.

हकीकत अशी. अमेरिकेत हौशी शर्यत जन्मली तीच मुळी रस्त्यावरच्या गाडीतून. दक्षिण कॅलिफोर्नियात कोरड्या पडलेल्या सरोवरांचे सपाट तळ आहेत. 1930 च्या सुमारास पोरे आपली जुनी फोर्ड चालवत तिथे जात, चाकांवरचे मडगार्ड काढून ठेवीत, धूळ उडवत वेग मोजून घेत आणि संध्याकाळी मडगार्ड पुन्हा लावून त्याच गाडीतून घरी परतत. आमच्या दादाचे हे सख्खे चुलते म्हणायचे! गंमत अशी की त्याच प्रदेशात लॉस एंजेलिसवर धुरकट हवेचे सावट आले. ती हवा कशातून होते हे 1950 च्या सुमारास हागन-स्मिट नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने दाखवून दिले: मोटारींच्या धुरावर ऊन पडून. गाडीवेड्यांची आणि गाडीच्या धुराची काशी एकच निघाली.

पुढे 1970 साली तिथे स्वच्छ हवेचा कायदा कडक झाला आणि 1975 च्या मॉडेलपासून बहुतेक मोटारींना कन्व्हर्टर आला. सरकारने मंजूर केलेल्या गाडीवरचे धूर रोखणारे साधन काढणे हा गुन्हा ठरला. मग ज्याने गाडीची नंबर पाटी उतरवली, आत पिंजरा घातला आणि ती फक्त मैदानावर पळवली, त्याने काय करायचे? 1990 च्या दुरुस्तीत रस्त्याबाहेरच्या वाहनांची व्याख्या झाली. तिच्यातून 'केवळ स्पर्धेसाठी' वापरले जाणारे वाहन वगळले गेले. शर्यतवाल्यांनी त्याचा अर्थ घेतला की आम्ही सुटलो. पर्यावरण खात्याचे म्हणणे निराळे. जी गाडी जन्मतः शर्यतीची ती सुटली. जी रस्त्यासाठी जन्मली आणि मग शर्यतीत गेली, ती रस्त्याचीच. थोडक्यात वाद असा की, गाडीची जात जन्मावरून ठरवायची की कर्मावरून? आपल्या देशात या प्रश्नावर पुष्कळ शाई सांडलेली आहे, म्हणून मी त्यात शिरत नाही.

जुलै 2015 मध्ये खात्याने ट्रकांच्या धुराविषयी एक लांबलचक मसुदा काढला आणि त्यात आपले हे म्हणणे एका वाक्यात घालून दिले: मंजूर गाडी केवळ स्पर्धेसाठी वापरली तरी तिची मंजूर रचना बदलता येणार नाही. ट्रकांच्या कागदांत मोटारशर्यतीचे वाक्य कोण शोधणार? सहा-सात महिने फारसे कुणाच्या लक्षात आले नाही. फेब्रुवारी 2016 मध्ये सुटे भाग विकणाऱ्यांच्या 'सेमा' या संघटनेने ते उजेडात आणले. व्हाइट हाऊसकडे गेलेल्या अर्जावर एक लाखाहून अधिक सह्या पडल्या. मार्चमध्ये शर्यतवाल्यांच्या बाजूने विधेयक आले आणि एप्रिलमध्ये खात्याने ते वाक्य मागे घेतले. कायद्याचा आपण लावतो तो अर्थ मात्र खात्याने सोडला नाही.

इथपर्यंत वाचून मी शर्यतवाल्यांच्या बाजूचा होतो. पाचशे डॉलरच्या भंगार गाड्यांची शर्यत तिथे 2006 पासून भरते, हे वाचून तर मला आमचे गॅरेजच आठवले. दहावीस हौशी लोक माळावर रविवारी चार तास धूर सोडतात, त्याने असे काय आभाळ कोसळते?

मग 2020 च्या नोव्हेंबरातला त्याच खात्याचा अहवाल हाती आला. दहाएक वर्षांत तिथे साडेपाच लाखांहून अधिक डिझेल पिकअप गाड्यांवरची धूर रोखणारी साधने काढली गेली, असा त्यात अंदाज आहे. त्या गाड्या भंगारात जाईपर्यंत नायट्रोजनच्या ऑक्साइडांचे 5 लाख 70 हजार टन जास्तीचे हवेत जाणार. म्हणजे रस्त्यावर 90 लाखांहून अधिक नव्या, नियमात बसणाऱ्या पिकअप आल्यासारखे. हे काम करणारे सुटे भाग पुष्कळदा 'फक्त शर्यतीसाठी' अशा चिठ्ठीने विकले जात. साडेपाच लाख शर्यतवाले कुठल्या मैदानावर मावतील?

माझ्या टेबलावर शिक्का होताच.

आपल्याकडचा कायदा याबाबत अधिक सरळ आहे, किंवा अधिक निष्ठुर. 1988 च्या मोटार वाहन कायद्याच्या 52 व्या कलमानुसार उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आली. या कलमात गॅसचे किट बसवणाऱ्याला वाट आहे, दिव्यांगांसाठी गाडी बदलणाऱ्याला वाट आहे, शर्यतवाल्याला नाही. म्हणजे आमचा दोन भाषांतला शिक्का दोन्ही भाषांत निरर्थक!

मी हे मामांना सांगितले. ते गाडीखालून म्हणाले, "बघ की, शिक्का कायद्यासाठी नाही रे. आपल्या मनासाठी आहे." आणि चौदा नंबरचा पाना मागितला.

सच्चा मार्ग एकच दिसत होता. गाडीची नोंदणी रद्द करून घ्यायची आणि ती टोइंगच्या गाडीवर घालून मैदानावर न्यायची. मी दादाला रीतसर पत्रक करून दिले. प्रवेश फी तीन हजार, टायरची झीज, पेट्रोल, आणि टोइंगचे जाऊन-येऊन सात हजार. शिवाय रोजच्या कामाला दुसरी गाडी. दादाने पत्रक वाचले, घडी करून खिशात ठेवले आणि म्हणाला, "म्हणजे शर्यत ही मोठ्या लोकांनी करायची गोष्ट, असं स्पष्ट लिही की." मला उत्तर देता आले नाही. हिशेब बरोबर होता, हेच वाईट वाटले.

तडजोड मिस्त्रींनी काढली. कन्व्हर्टर वेल्डिंगने न जोडता दोन्ही बाजूंना फ्लँज आणि बोल्ट. मैदानावर पोचल्यावर काढायचा, निघताना लावायचा, चाळीस मिनिटांचे काम. सरोवरावरच्या त्या मडगार्डांसारखेच. कायद्याच्या अक्षरात हेही बसत नाही हे मला ठाऊक आहे, पण मला ते पटले. डबा लावून यंत्रावर तपासली तेव्हा कार्बन मोनॉक्साइड 0.3 टक्के आला. पाइप लावून मिस्त्रींनी मुद्दाम पाहिले तर 1.2. या गाडीला मर्यादा 0.5 ची.

दिवाळीच्या आधी आमच्याच कॉलेजचा एक मुलगा गॅरेजवर आला. गाडी चांगली, वडिलांची. त्याचा पहिला प्रश्न होता, "सौंड जोर बर्तैतेन्री?" आवाज मोठा येईल ना? शर्यतीचे नावही त्याच्या तोंडी नव्हते. मिस्त्रींनी पाइप बसवला, डबा पोत्यात बांधून डिकीत ठेवला. मी बिल लिहिले आणि शिक्का मारला. हात सवयीने गेला असे म्हणता येईल, पण ते खरे नाही. शाईच्या पॅडवर शिक्का दाबताना मी त्याच्याकडे पाहिले, आणि त्यानेही माझ्याकडे पाहिले. दोघांनाही माहीत होते. त्या दिवशीच्या जमेत ती रक्कम आहे, माझ्याच अक्षरात.

त्यानंतर महिन्याभराने खानापूरच्या पलीकडे एका माळावर शर्यत होती. दादाबरोबर मी गेलो. वेळ टिपणे, पाणी देणे अशी कामे केली. दादा आपल्या गटात तिसरा आला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला करंडक मिळाला, वीतभर उंचीचा. फोटो, चहा, सत्कार होईतो अंधार पडला. मिस्त्री आले नव्हते. बॅटरीच्या उजेडात गाडीखाली शिरून बोल्ट आवळायचे कुणाच्याच अंगात राहिले नव्हते. कन्व्हर्टर मागे, सीट नव्हती त्या जागेत, पोत्यावर ठेवलेला. दादाने माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, "राहू दे की. रात्रीचं कोण बघतंय?"

हो, हे मीच म्हणालो. अहवाल वाचलेला, कलम पाठ असलेला.

टिळकवाडीच्या रेल्वे गेटवर फाटक पडलेले होते. गाड्यांची रांग लागली. आमची 800 मधोमध, धडधडत. मी आरशात पाहिले. आमच्या मागे अगदी लागून एक स्कूटर होती. पुढे उभी असलेली चार-पाच वर्षांची मुलगी, तिच्या मागे आई. मुलीने आधी नाक चिमटीत धरले. मग आईने आपल्या पदराचे टोक पुढे घेऊन तिच्या तोंडावर धरले. रुमालासारखे.

"दादा, बंद कर," मी म्हणालो.

त्याने चावी फिरवली. रेल्वे यायला अजून वेळ होता. करंडक माझ्या मांडीवर होता आणि मागे पोत्यावर तो डबा. मी आरशात पुन्हा पाहिले नाही. सोमवारी गॅरेजवर गेल्यावर आधी तो शिक्का उचलून माझ्या दप्तरात टाकला. मामांनी विचारले तर काय सांगायचे ते अजून ठरलेले नाही. त्यांनी अजून विचारलेलेही नाही.