आत्याची शनिवारची रात्र

गाणें ऐकावयाचें तर गवयासमोर बसावें लागे, असा एक काळ होता. दरबार, देवालय किंवा धनिकाचा दिवाणखाना हींच संगीताचीं ठिकाणें. आणि तेथेंही कुलीन म्हणविणाऱ्या घरांतील स्त्रियांना आडोशाचीच जागा. भोर ही १९४८ पर्यंत पंतसचिवांच्या संस्थानची राजधानी होती. राजाश्रयाची थोडीफार ऊब तिला लाभली असेल. परंतु तोरण्याच्या पायथ्याशीं, वेल्ह्याच्या खोऱ्यांत, ख्याल कोण नेणार?

तें काम नभोवाणीनें केलें. मुंबईचें केंद्र २३ जुलै १९२७ रोजीं सुरू झालें, पुण्याचें २ ऑक्टोबर १९५३ रोजीं. रागसंगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम जुलै १९५२ पासून शनिवारीं रात्रीं होऊं लागला.

वेल्ह्यास माझ्या काकांच्या घरीं तेव्हां वीज नव्हती. रेडिओ बॅटरीवर चाले आणि ती पुण्याहून आणावी लागे. म्हणून बातम्या, एखादें भाषण व शनिवारचें गाणें, एवढ्यासाठींच काका त्याची कळ फिरवीत. आत्या त्यांच्याजवळ असे. ती बालविधवा, अक्षरओळख पोथीपुरती. भाषण संपलें कीं ती वक्त्याचे मुद्दे खोडून काढी. "त्यांना उलट विचारतां येत नाहीं, हेंच वाईट!" असें ती म्हणे.

१९५५ सालीं गीतरामायण सुरू झालें तेव्हां ओटी माणसांनीं भरून जाई. शनिवारीं मात्र उशिरापर्यंत आत्या एकटीच जागी. १९४० पासून १९७१ पर्यंत नभोवाणीनें पेटी वर्ज्य केली होती. त्यामुळें साथीस सारंगी असे. सारंगी हें भल्या घरीं न येणारें वाद्य, असा आत्याचा ग्रह. पहिले कांहीं शनिवार तिनें नाक मुरडलें. पुढें सारंगी नसली तर तिला चुकल्यासारखें होई.

एकदां हिराबाई बडोदेकर गात होत्या. गाणें संपल्यावर आत्यानें विचारलें, "हिला कोणीं शिकविलें?" काका म्हणाले, "किराणा घराण्याच्या अब्दुल वहीद खांसाहेबांनीं." ती बराच वेळ बोलली नाहीं. मग म्हणाली, "आम्हीं जात्यावरच्या ओव्यासुद्धां दार लावून म्हटल्या रे." त्या एका वाक्यांत कोंडलेला गळा मला प्रथमच ऐकूं आला. काकांनींही मान खालीं घातली. कारण तें दार लावणारे आमच्याच घरचे होते.

आज कोणताही राग, कोणत्याही घटकेस, हातांतल्या यंत्रांतून ऐकतां येतो. ही समृद्धि मी तुच्छ लेखीत नाहीं. परंतु विपुलता म्हणजे मोकळीक नव्हे. ऐकण्याचा अधिकार आत्यास नभोवाणीनें दिला, तरी गाण्याचा अधिकार घरानेंच द्यावयाचा होता, आणि तो देण्याची वेळ टळून गेली होती.

वाचकहो, आपल्या घरांतील एखाद्या वृद्धेनें कोणतें गाणें गिळून टाकलें आहे, हें आपण तिला कधीं विचारलें आहे काय? उत्तर देण्यास ती आहे तोंवर विचारावें.