धोबीतलावला गिटारचं भोक बुजवताना

सीएसएमटीहून चालत निघालात की मेट्रो सिनेमाचा चौक दहा-पंधरा मिनिटांवर. १९३८ सालचं हे थिएटर तुम्हाला माहीत असतं आणि १९०४ सालच्या कयानीचा मावा केक तर त्याहून जास्त माहीत असतो. पण कयानी ज्या जेर महालात आहे, त्याच्या वरच्या मजल्यांकडे कधी मान वर करून बघितलंय? तिथे गोव्याच्या गावांचे 'कूड' आहेत. नोकरीसाठी किंवा बोटीवर जायला मुंबईत आलेल्या गोंयकारांची स्वस्तात राहायची सोय. गोव्याहून आलेल्या कितीतरी वादकांनी पुढे हिंदी सिनेमाचे ऑर्केस्ट्रा गाजवले. वाजवणारे आले की वाद्यांची दुकानं येणारच. १८६५ सालचं फुर्टाडोज याच भागातलं. आणि दुकानांच्या मागोमाग दुरुस्तीवाले!

अशाच एका दुरुस्तीवाल्या अंकलकडे मी मामाची इलेक्ट्रिक गिटार घेऊन गेले होते. लेस पॉल धर्तीची, महोगनी बॉडीची. मामाने कॉलेजात असताना गणपतीतल्या ऑर्केस्ट्रांत ती फुल्टू वाजवलीय. मागे एका मेकॅनिकने स्विच बदलताना भोक कानशीने वाढवून ठेवलं. मग काय, स्विच फिरायचा, वायर पिळायची आणि ऐन गाण्यात आवाज गुल. गिटार माळ्यावर गेली. गेल्या वर्षी मामाला पॅरालिसिसचा झटका आला. डावा हात आता कुठे वळायला लागलाय. डॉक्टर म्हणाले, बोटांना आवडीचं काम द्या. आता बोला!

"नवीन का नाही घेत?" मी अंकलना विचारलं. "घे की," ते म्हणाले, "पण बोटांना जुनी मान ओळखीची असते, बेटा."

त्यांनी भोक मोजलं. या स्विचला साधारण १२ मिलिमीटरचं भोक लागतं, आमचं १६ चं झालेलं, तेही लंबगोल. एक-दोन मिलिमीटरचा फरक असता तर मोठा वॉशर लावून भागलं असतं. लेस पॉलच्या स्विचखाली 'रिदम-ट्रेबल' लिहिलेली प्लास्टिकची गोल चकती असते ना, तीसुद्धा थोडंफार झाकते. पण इथे नटला धरायला लाकूडच उरलं नव्हतं. मी लगेच पुट्टीचा सल्ला दिला. अंकल हसले. पुट्टी भरून पुन्हा ड्रिल मारलं की कडा झडतात आणि नट आवळला की तडकतात. इथे लाकूडच हवं.

तेही कुठलंही नाही. बाजारात लाकडी गोल दांडी मिळते, तिचा तुकडा ठोकणं सोपं. पण दांडीत रेषा उभ्या असतात, म्हणजे वरून दिसतं ते लाकडाचं कापलेलं टोक. ते पॉलिश जास्त पितं आणि काळा ठिपका होऊन बसतं. म्हणून अंकल महोगनीच्या फळीच्या पृष्ठभागातून प्लग-कटरने बूच काढतात आणि त्याच्या रेषा बॉडीच्या रेषांशी जुळवून बसवतात.

त्याआधी लंबगोल भोक गोल करायचं. मध्ये पोकळी असली की ड्रिलला टेकू मिळत नाही, ते भरकटतं. फंडा सोपा आहे: २० मिलिमीटरचं नेमकं भोक पाडलेली फळी वरून क्लॅम्पने घट्ट बसवायची आणि तिच्या आधाराने ड्रिल उतरवायचं. मग बूच, लाकडाचा गोंद, क्लॅम्प आणि रात्रभर सुट्टी. इथे लाकूड पातळ असतं, कारण मागून खण कोरलेला असतो. बूच जाड राहिलं तर स्विचची मान वर येणारच नाही. म्हणून ते दोन्ही बाजूंनी तासायचं.

दुसऱ्या दिवशी गेले तेव्हा अंकल पटाशीने बूच सपाट करत होते. मग पॉलिश पेपर. भोकाच्या जागी चिकटपट्टी, मागे लाकडाचा टेकू, आधी बारीक ड्रिल, शेवटी १२ चं. टेकू नसेल तर मागची कड फुटते.

हे जुगाड कमी दर्जाचं वाटतंय? क्वीनच्या ब्रायन मे यांनी वडिलांसोबत १९६३ पासून घरी बनवलेली 'रेड स्पेशल' गिटार आठवा. तिची मान जुन्या फायरप्लेसच्या लाकडाची आणि त्यातली किड्यांची भोकं काडेपेटीच्या काड्यांनी बुजवलेली! त्याच बँडचा फ्रेडी मर्क्युरी शिकला आपल्या पाचगणीत, हे जाता जाता.

रंगाचा प्रश्न उरला. जुना लॅकर पिवळा पडलेला, नवा तसाच्या तसा जुळणं अवघड. चकतीच्या बाहेर नव्या लाकडाची बारीक कड डोकावत होती. अख्खी बॉडी रंगवायची का? मी मामाला फोन लावला. त्याची जीभ अजून थोडी जड आहे. "नको," तो म्हणाला. "घाम माझाच आहे त्याच्यावर. राहू दे."

डोंबिवलीला गिटार पोचली त्या संध्याकाळी मामाने आधी काहीच वाजवलं नाही. उजव्या हाताने नुसता स्विच वर-खाली केला, सात-आठ वेळा. हलला नाही. मग डावी दोन बोटं उचलून ई मायनरवर ठेवली. तिसऱ्या प्रयत्नात सगळ्या तारा वाजल्या. मामी स्वयंपाकघरातून म्हणाली, "आवाज जरा वाढव की."