थांबलेला काटा

परप्रांतात नोकरी करणाऱ्या मराठी माणसाला दुरून चालणाऱ्या कारभाराचे नवल वाटू नये. छत्तीसगडात तर मुळीच नाही. बिंबाजी भोसले १७८७ पर्यंत रतनपुरास राहून हा मुलूख पाहत होते. त्यांच्यामागून आलेल्या व्यंकोजींनी नागपुरातच राहणे पसंत केले आणि येथे सुभेदार नेमले. कागद तिकडे जात, हुकूम इकडे येत. मधल्या वाटेत काय गळले असेल ते ज्याचे त्यास ठाऊक. रायपूरजवळच्या उरल्यात गेल्या पावसाळ्यात दुरून कारभाराचा जो प्रकार मी पाहिला, त्यात मात्र एक अक्षर गळले तरी सारी रात्र फुकट जात होती.

उरल्यात लोखंडाचे कारखाने दाटीने उभे आहेत. रात्री गच्चीवर विसरलेल्या सदऱ्यावर सकाळी काळी पूड सापडते. आमच्या कारखान्याच्या फाटकाशी ट्रकांचा वजनकाटा आहे. इकडे त्याला धरमकाँटा म्हणतात, आणि ते नाव मला आपल्या शब्दापेक्षा सरस वाटते. त्या काट्याचे आकडे टिपणारा संगणक आठ-दहा दिवसांतून एकदा, बहुधा रात्री, जागच्या जागी गोठत असे. तो बंद करून पुन्हा चालू करीपर्यंत दोन-चार गाड्या वजनावाचून निघून जात. एवढे घडले की संशय जन्मास येतोच. रात्रपाळीच्या काटेवाल्यास कारणे दाखवा नोटीस निघाली. तो माझ्यापुढे उभा राहून एवढेच म्हणाला, "मैं बंद नइ करे हँव, साहेब." त्याच्या बोलण्यात मला खोट दिसली नाही, परंतु 'खोट दिसली नाही' हे फाईलीवर लिहिण्याजोगे कारण नव्हे.

माझा भाचा पुण्यास संगणकाच्या व्यवसायात आहे. त्याला दूरध्वनीवर हकीकत सांगितली. तो म्हणाला, "मामा, यंत्र कुणी बंद केलं की ते आपणच थांबलं, हे आधी पाहू." संगणकाच्या कारभाराचा जो गाभा, त्याला हे लोक कर्नल म्हणतात. (आमचे एक शेजारी हे ऐकून कोणत्या पलटणीचे, असे विचारते झाले.) सारे कार्यक्रम या कर्नलच्या आधाराने चालतात, म्हणून त्याचीच तपासणी करावयाची तर तपासनीस बाहेरचा हवा. ज्या जमिनीवर उभे राहावयाचे तीच खणता येत नाही. पूर्वी यासाठी दोन संगणक तारेने जोडीत. एक थिजवावयाचा आणि दुसऱ्यावरून त्याची नाडी पाहावयाची. लिनक्सच्या मूळ कर्नलमध्ये केजीडीबी नावाची अशी सोय २००८ साली आली. पण तिच्यातही चौकशीस सामोरा जाणारा कारकून आरोपीच्याच कचेरीत बसलेला असतो. फाब्रिस बेलार यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या क्यूईएमयूची रीत मला अधिक पटली. त्यात संगणकाच्या पोटी दुसरा आभासी संगणक उभा राहतो, आणि त्यास बाहेरून हवे तेव्हा थांबवून आतले सारे वाचता येते.

कचेरीतल्या एका रिकाम्या संगणकात असा आभासी संगणक उभा केला. काट्याच्या तारेचा जोड त्याला दिला, आणि १२३४ क्रमांकाच्या दारातून पुण्यापर्यंत बंदिस्त वाट काढली. पहिल्या रात्री दारच उघडेना, कारण आमच्या कचेरीचा पहारा बाहेरच्या कुणासही आत घेत नव्हता. ते जमले तेव्हा भाच्याजवळचा नकाशा चुकीचा निघाला. कर्नलमधील कोणते काम कोणत्या पत्त्यावर आहे हे सांगणारी फाईल त्याच कर्नलची लागते. उरल्यातले कर्नल मध्यंतरी बदलले होते. योग्य फाईल आली, तरी जेथे थांबण्याची खूण केली तेथे यंत्र थांबेना! चोरांना घर सापडू नये म्हणून हल्लीचे कर्नल दर वेळी सुरू होताना आपला पत्ता बदलते. ही खोड सुरू होतानाच 'नोकेएएसएलआर' असे बजावून बंद करता येते. तीही झाली.

पण काट्याचा ड्रायव्हर, म्हणजे त्या तारेशी बोलणारा कार्यक्रम, कर्नलमध्ये मागाहून बसतो, आणि त्याचा पत्ता निराळा विचारावा लागतो. तो वाचून दाखवण्याचे काम माझे. सोळा अक्षरांचा पत्ता, आणि आरंभीच आठ वेळा एफ! मी मराठी शाळेतल्या पाढ्यांच्या चालीवर ते म्हणत असे आणि भाचा पलीकडून पुन्हा म्हणत असे.

आठ दिवस वाट पाहणे परवडणारे नव्हते, म्हणून त्याने काट्याचे आकडे शेकडो पटींनी वेगाने आत सोडले. तिसऱ्या रात्री पहाटे आभासी संगणक गोठला. भाच्याने तो तसाच धरून ठेवला आणि कोणत्या कामाने कोणत्या कामास हाक मारली याची उतरंड वाचू लागला. ड्रायव्हरने आकड्यांच्या वहीचे कुलूप लावून किल्ली आपल्या हाती घेतली होती. तेवढ्यात नवा आकडा आला. असा आकडा आला की चालू काम तेथेच टाकून आधी त्याची वास्तपुस्त करावयाची, असा नियम. ती वास्तपुस्त करणाऱ्यासही तीच किल्ली हवी होती. किल्ली ज्याच्या हाती, तो खालच्या पायरीवर अर्धवट थांबलेला. वरचा हलल्याशिवाय खालचा हलणार नाही, आणि खालचा हलल्याशिवाय किल्ली सुटणार नाही. पुणे-उरला मार्गावर काही क्षण कुणीच बोलले नाही. मग मी विचारले, "यात माणसाचा हात कुठं?"

"कुठंच नाही, मामा. आठ दिवसांत एखादा क्षण असा जुळून येतो."

उपाय अगदी किरकोळ होता: किल्ली हाती असेतोवर नवी हाक ऐकू नये, एवढे ड्रायव्हरला शिकवावयाचे. बदललेला ड्रायव्हर त्याच माऱ्याखाली चार रात्री चालला. मग तो खऱ्या काट्यावर बसवला.

नोटिशीस उत्तर म्हणून मी दोन पानी टिपण लिहिले. काटेवाल्याचा संबंध नसल्याचे त्यात स्पष्ट म्हटले, उतरंडीची प्रत जोडली, आणि कारणाच्या रकान्यात लिहिले, "यंत्र स्वतःचीच वाट पाहत थांबले होते." फाईल परत आली. नोटीस मागे घेतली होती. माझ्या वाक्याखाली मात्र लाल शाईची रेघ होती आणि समासात शेरा : 'चर्चा करावी.'