ऐकलेले वर्तमान कोणास सांगावे?

वर्तमान कळणे ही एक गोष्ट व ते वेळेवर कळणे ही दुसरी. रणांगणावर तर दुसरीवाचून पहिलीस काडीचे मोल नाही. आमच्या छत्रपती संभाजीनगरास हा विचार नवा नव्हे. 1682 साली औरंगजेब येथे येऊन राहिला, तेव्हा वाकेनवीस, खुफियानवीस व हरकारे यांची साखळी त्याच्या राज्यभर पसरलेली होती. परंतु बातम्यांचा तो ओघ वर, बादशहाच्या कानांकडे वाही. डोंगरातील चौकीवर रात्र काढणाऱ्या शिपायास त्यांतले किती कळत असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी.

बिनतारी यंत्र आले आणि हरकाऱ्याची घोडदौड संपली. तशीच शत्रूचे बोलणे ऐकण्याचीही सोय झाली. ऑगस्ट 1914 मध्ये टॅनेनबर्ग येथे रशियनांनी कित्येक हुकूम उघड्या भाषेत धाडले. जर्मनांनी ते ऐकले, आणि सॅम्सोनोव्हच्या सैन्याचा निकाल लागला.

मात्र लढणाऱ्या तुकड्यांच्या लहान यंत्रांच्या लहरी बहुधा सरळ रेषेत जातात. मध्ये डोंगर आला की खुंटल्या. विद्यार्थ्यांस आम्ही देवगिरीचाच दाखला देतो. सपाटीवर उभ्या असलेल्या माणसाचे क्षितिज पाचेक किलोमीटरवर असते. सुमारे 200 मीटर उंचीच्या त्या माथ्यावरून ते 50 किलोमीटरवर जाते. 10,000 मीटरांवरील विमानातून 350 किलोमीटरांच्याही पलीकडे. शिवाय विमान चालते असल्यामुळे लहरीची दिशा दोन ठिकाणांहून घेता येते, व त्या रेषा जेथे छेदतात तेथे शत्रूचे यंत्र असते. व्हिएतनामात 22 डिसेंबर 1961 रोजी हेच काम जमिनीवरून करताना जेम्स डेव्हिस हा अमेरिकन सैनिक मारला गेला. पुढल्याच वर्षी ही यंत्रे लहान विमानांत चढली.

हे सांगत असता एका विद्यार्थ्याने विचारले होते, "सर, विमानाने ऐकले खरे, पण खाली चढणाऱ्याला ते सांगणार कोण?" तो आज सैन्यात आहे, म्हणून हा प्रश्न आम्हांस पुस्तकी वाटत नाही.

26 मे 1999 रोजी बीजिंगमध्ये असलेले जनरल मुशर्रफ व रावळपिंडीतील जनरल अझीझ यांचे दूरध्वनीवरील संभाषण भारतीय हेरखात्याने टिपले व 11 जूनला जगापुढे ठेवले. मुत्सद्देगिरीत त्याचा उपयोग मोठा. परंतु 13 जूनला तोलोलिंग सर करणाऱ्या जवानांस हवी होती ती माहिती निराळी: पुढल्या खडकामागे किती जण, व तोफबंदूक कोठे. युद्धानंतर सुब्रह्मण्यम समितीने हेरखात्यांतील समन्वयाच्या अभावावर बोट ठेवले. 2004 मध्ये तांत्रिक गुप्तवार्तेसाठी स्वतंत्र संघटना निघाली, आणि 2017 मध्ये 'नेत्र' हे रडारविमान वायुदलात आले. शत्रूचे संभाषण टिपण्याची साधनेही त्यात आहेत.

कान तीक्ष्ण झाले. आता सुधारावयाची ती जीभ. विमानात शत्रूची बोली जाणणारा मनुष्य पाहिजे, व कामाचे चार शब्द थेट तुकडीच्या नायकास कळविण्याची त्यास मुभा पाहिजे. गुप्ततेचा आक्षेप येथे निघतो, व तो खोटा नाही. आपण ऐकतो हे उमगले की शत्रू मुका होतो. म्हणून कसे कळले ते झाकावे, काय कळले ते सांगावे. "डाव्या घळीने जाऊ नका" एवढ्याने कोणते रहस्य फुटते? आणि क्वचित फुटलेच, तर त्या रहस्याचे मोल घळीत शिरणाऱ्या मुलाच्या प्राणांशी ताडून पाहावे, आणि मगच तोंड मिटावे, एवढेच आमचे मागणे आहे.