चहाच्या डोंगरातील माणसे

आपल्या समाजातील मंडळी आता बुद्धगया, सारनाथ, कुशीनगर, लुंबिनी एवढ्यावरच थांबत नाहीत. पगारातून थोडे थोडे बाजूला टाकून, भिशी लावून, वेळप्रसंगी सोसायटीचे कर्ज काढून श्रीलंका-थायलंडपर्यंत जाऊन येतात. ज्यांच्या आजोबांना गावच्या पाणवठ्यावर पाय ठेवता येत नव्हता, त्यांची नातवंडे पासपोर्ट काढून अनुराधपूरच्या बोधिवृक्षासमोर पंचशील घेतात, ही लहानसहान गोष्ट नाही. मात्र परत आल्यावर बहुतेक जण बोधिवृक्ष, कँडीचे दंतधातू विहार आणि समुद्रकिनारा एवढेच सांगतात. वाटेवरच्या माणसांबद्दल कोणी फारसे बोलत नाही. मला आज त्या माणसांबद्दल लिहायचे आहे.

२०२४ च्या फेब्रुवारीत पनवेलहून आम्ही बावीस उपासक-उपासिका श्रीलंकेला गेलो होतो. अनुराधपूर, मिहिंतले, दांबुला पाहून कँडीला आलो. तेथे दोन दिवस मोकळे होते. काहींनी खरेदी ठरवली, काहींनी विश्रांती. हॉटेलच्या माणसाने सांगितले की वाटाड्यासह मोटारसायकल मिळते. वाटाड्या चालवतो, आपण मागे बसायचे, आणि डोंगरातून नुवारा एलियापर्यंत जाऊन दुसऱ्या दिवशी परत यायचे. मला डोंगराची ओढ लहानपणापासूनची. माथेरानच्या पायथ्याशी राहणाऱ्याला ती असायचीच. पत्नी आधी नाही म्हणाली. "या वयात परक्या देशात मोटारसायकलवर? लोक काय म्हणतील?" मी म्हटले, "इथे आपले लोक आहेतच कुठे?" मग पंजाबी ड्रेस घालून ती तयार झाली.

दोन गाड्या आल्या. एक चालवणारा तिशीतला तरुण, दुसरा त्याचा चुलतभाऊ. गाडी पाहिली तर बजाज पल्सर! म्हटले, "ही तर आमच्या पुण्याकडची." तो हसला. त्या देशात निम्म्या मोटारसायकली आणि रिक्षा आपल्या बजाज-टीव्हीएसच्याच असाव्यात असे दिसते. गाडी बरीच जुनी होती. २०२० पासून तेथे नव्या वाहनांची आयात बंद होती, त्यामुळे जुनीच दुरुस्त करून लोक वापरत होते. त्याने आम्हा दोघांना हेल्मेट दिले, पट्टे स्वतः आवळून पाहिले आणि वळणावर अंग कसे झुकवायचे तेही शिकवले. हिंदी तो सिनेमे आणि पाहुणे यांच्याकडून शिकला होता. मला तो 'अण्णा' म्हणू लागला, पत्नीला 'अक्का'. मी त्याला 'तंबी' म्हणू लागलो. तमिळमध्ये तंबी म्हणजे धाकटा भाऊ.

पेरादेनिया, गंपोला मागे टाकून पुसेल्लावाच्या पुढे खरा घाट लागतो. आपला बोरघाट उघडा, काळ्या कातळाचा. हा घाट मात्र पायथ्यापासून माथ्यापर्यंत हिरवा, आणि तो हिरवा रंग रानाचा नव्हे, चहाचा. कंबरेएवढी झुडपे, कात्रीने केस कापावेत तशी सारखी कापलेली. रंबोड्याला धबधबा रस्त्याशेजारीच कोसळतो. तेथून वळणे इतकी की खालचा रस्ता आपल्याच पायाखाली दिसतो. वर थंडी वाजू लागली. नुवारा एलिया १८६८ मीटर उंचीवर आहे, म्हणजे आपल्या महाबळेश्वरपेक्षाही वर. मागे बसून जाण्यात एक सुख असते. रस्त्याची काळजी दुसऱ्याला, आपण फक्त पाहायचे. पत्नी तर दुसऱ्या गाडीवरून मोठ्याने हसत होती. इतकी मोकळी मी तिला फार दिवसांनी पाहिली.

तंबी ठरलेली ठिकाणे दाखवत होता. येथे फोटो काढा, येथे चहाचा कारखाना पाहा, येथे दहा मिनिटे थांबा. मळ्यातून बायका पाला खुडत होत्या. पाठीवर पोते, त्याचा पट्टा कपाळावरून घेतलेला, आणि दोन्ही हात यंत्रासारखे चाललेले. पाहुणे फोटो काढत होते. पत्नीने तंबीला विचारले, "या बायका लघवीला कुठे जातात?" तो गप्प झाला. मग म्हणाला, "अक्का, आजपर्यंत कोणी हे विचारले नाही. कुठेच नाही. झुडपातच." थोड्या वेळाने त्याने आपणहून सांगितले, "माझी आई याच कामावर होती. तुम्हाला पाहायचे असेल तर उद्या उतरताना घरी नेतो."

त्या रात्री मला झोप लवकर लागली नाही. या डोंगराचा इतिहास थोडा वाचला होता, तो आठवत होता. इंग्रजांनी १८२० च्या सुमारास येथे कॉफी लावायला सुरुवात केली. १८६९ पासून कॉफीवर तांबेरा पडला आणि मळे उजाड झाले. १८६७ साली जेम्स टेलर नावाच्या स्कॉटिश माणसाने कँडीजवळ लूलकंदेरा येथे १९ एकरांत चहा लावला होता. पुढे सगळा डोंगरच चहाचा झाला. राबायला माणसे आणली तमिळ मुलखातून. दुष्काळ आणि कर्ज यांनी पिचलेली माणसे, त्यांत अस्पृश्य जातींचा वाटा मोठा. त्यांना आणणाऱ्याला 'कंगाणी' म्हणत. कंगाणी म्हणजे आपल्याकडचा मुकादम. तो आधी उचल देई, मग टोळी करून आणी. समुद्र ओलांडून मन्नारकडून जंगलातून पायी चालत यावे लागे आणि वाटेत कित्येक जण मरत. कर्ज लिहिलेला 'तुंडू' नावाचा कागद असे. तो फिटल्याशिवाय दुसऱ्या मळ्यात जाता येत नसे. तुंडूची पद्धत १९२१ साली कायद्याने बंद झाली.

दुसऱ्या दिवशी उतरताना तंबीने मुख्य रस्ता सोडला. खडीच्या चढावरून गाडी नेली आणि एका लांबट बैठ्या इमारतीपुढे थांबवली. याला तेथे 'लाईन' म्हणतात. एका छपराखाली ओळीने खोल्या, प्रत्येक खोली दहा बाय बाराची, पुढे अरुंद ओटी. आपल्याकडे बीडीडी चाळीत ज्यांचे आयुष्य गेले त्यांना वेगळे वर्णन करून सांगायला नको. फरक एवढाच की चाळीतला माणूस गिरणीतून सुटला की शहरात मोकळा होता. येथे घरही मळ्याचे, जमीनही मळ्याची, रस्ताही मळ्याचा. काम सुटले तर छप्परही जाईल ही भीती कायमची.

तंबीची अम्मा साठीच्या पुढची. तिने चहा दिला, बिनदुधाचा, सोबत गुळाचा खडा. मी चहाची तारीफ केली तर ती हसली. तंबीने सांगितले, "ती म्हणते, चांगली पाने जहाजातून गेली. ही खालची भुकटी." आम्ही भारतातून आलो हे कळल्यावर अम्माने पहिला प्रश्न विचारला, "निलगिरी तुमच्या गावापासून किती लांब?" तिची थोरली बहीण तिकडे गेली होती. स्वखुशीने नव्हे. १९४८ साली, देश स्वतंत्र झाला त्याच वर्षी, तेथील सरकारने कायदा करून या मळेकामगारांचे नागरिकत्व काढून घेतले. पुढच्या वर्षी मतदानाचा हक्कही गेला. तिसऱ्या-चौथ्या पिढीची माणसे एका कागदाने कोणत्याच देशाची उरली नाहीत. १९६४ साली लालबहादूर शास्त्री आणि सिरिमाओ बंदरनायके यांच्यात करार झाला. ५ लाख २५ हजार भारताने घ्यावेत, ३ लाखांना सिलोनने नागरिक करावे, उरलेल्या दीड लाखाचे नंतर पाहू. १९७४ साली तेही निम्मे-निम्मे वाटून घेतले. कोणी विचारले नाही की आई इकडे आणि मुलगी तिकडे, हा हिशेब कसला? जे तेथेच राहून बिननागरिक होते, त्यांना २००३ च्या कायद्याने नागरिकत्व मिळाले. अम्माच्या बहिणीची पत्रे काही वर्षे आली, मग थांबली.

तंबीची भावजय कामावरून आली. दिवसाला अठरा किलो पाला खुडला तरच पूर्ण हजेरी, असे तिने सांगितले. पोत्याचे आणि ओलाव्याचे म्हणून वजनातून कापतात ते वेगळे. मी कारकून माणूस, बी.कॉम. झालेला, पगारपत्रक दिसले की हात आपोआप पुढे जातो. तिची चिठ्ठी मागून घेतली आणि तंबीकडून एकेक ओळ समजून घेतली. भविष्यनिर्वाह निधी, युनियनची वर्गणी, देवळाची वर्गणी, दिवाळीची उचल, आणखी एक जुनी उचल. २०२१ साली दिवसाला १००० रुपये किमान मजुरी ठरली, तीही वर्षानुवर्षांच्या आंदोलनानंतर. पण चिठ्ठीच्या खालच्या ओळीत उरत होते ते पाहून पत्नीने मान खाली घातली. त्या बाईला स्वतःलाच ठाऊक नव्हते की जुनी उचल किती फिटली आणि किती राहिली. आम्ही तिघांनी बसून चार महिन्यांच्या चिठ्ठ्या लावल्या. बेरीज केली तेव्हा कळले, ती दोन महिन्यांपूर्वीच फिटली होती. तिने ती चिठ्ठी घडी घालून डब्यात ठेवली आणि म्हणाली, "उद्या विचारते."

आता मनातला खरा प्रश्न. हा देश बौद्धांचा. पौर्णिमेला सुट्टी असते, रविवारी मुले पांढरे कपडे घालून धम्मशाळेत जातात. हे आपण शिकण्यासारखे आहे. पण याच कँडीतील सियाम निकाय या जुन्या भिक्खुसंघात अठराव्या शतकापासून गोविगामा या एकाच वरच्या जातीला दीक्षा देण्याची रीत पडली. इतर जातींच्या लोकांना ब्रह्मदेशात जाऊन उपसंपदा घ्यावी लागली आणि त्यातून १८०३ साली अमरपूर निकाय उभा राहिला. म्हणजे बुद्धाचे नाव घेतले की जात आपोआप गळून पडते, असे नाही. ती पाडावी लागते.

बाबासाहेबांनी हे पुढे जाऊन पाहिले होते. १९५० च्या मे महिन्यात जागतिक बौद्ध परिषदेसाठी ते माईसाहेबांसह सिलोनला गेले. कँडीला ते प्रतिनिधी म्हणून नव्हे, निरीक्षक म्हणून उपस्थित राहिले. बुद्धाचा धम्म तेथे कितपत जिवंत आहे, हे त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचे होते. नंतर कोलंबोच्या टाऊन हॉलमध्ये त्यांनी तेथील अस्पृश्यांना बौद्ध धम्म स्वीकारण्याचे आवाहन केले. आणि तेवढ्यावर न थांबता तेथील बौद्धांनाही सांगितले की या लोकांना आपले म्हणा, पित्याच्या मायेने सांभाळा. मळेकामगारांचे नागरिकत्व जाऊन तेव्हा जेमतेम दोन वर्षे झाली होती. आवाहनाची ही दुसरी बाजू आपण सहसा सांगत नाही. धम्म घेणाऱ्याची जबाबदारी आहे, तशी आधीपासून धम्मात असणाऱ्याचीही आहे.

आम्ही परतलो. तंबीचे फोन अधूनमधून येतात. २०२२ च्या टंचाईत मोटारसायकलला आठवड्याला चार लिटर पेट्रोल मिळत होते, तेव्हा त्याचा धंदा बुडाला होता. तो पुन्हा उभा राहत होता. २०२५ च्या नोव्हेंबरअखेर दित्वा चक्रीवादळ आले आणि त्या डोंगरात जागोजागी दरडी कोसळल्या. चार दिवस फोन लागला नाही. पाचव्या दिवशी लागला. अम्मा आणि सगळे शाळेत हलवले होते, जिवंत होते. आम्ही दोघे घरी नुसते बसून राहिलो. २०१४ साली तेथे मीरियाबेद्दाची लाईन दरडीखाली गेली होती. आणि आपल्या रायगडात २०२१ ला तळिये, १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडी. इर्शाळगड आपल्या पनवेलहून डोळ्यांना दिसतो. डोंगर कोसळतो तेव्हा तो उतारावर राहणाऱ्यावर कोसळतो. आणि उतारावर कोण राहते, हे डोंगर ठरवत नाही.

श्रीलंकेला जाणाऱ्या समाजबांधवांना माझे सांगणे एवढेच की एक दिवस डोंगरासाठी ठेवा. मोटारसायकल नको असेल तर रिक्षा घ्या, रेल्वे घ्या. धबधबा पाहा, फोटो काढा, पण एखाद्या लाईनच्या ओटीवरही बसा.

आणि ज्यांना जाता येणार नाही त्यांनी खंत करू नये. दिवाळीनंतर आपल्या पनवेल, पेण, कर्जतच्या वीटभट्ट्यांवर कातकरी कुटुंबे बायकामुलांसह येतात. त्यांचा मुकादम, त्यांची उचल, त्यांची आठवड्याची खर्ची आणि पावसाळ्यापूर्वी हातात पडणारा न समजणारा हिशेब, हे सर्व कंगाणीचेच आहे. हल्ली आमच्या विहारात रविवारी वंदनेनंतर एक टेबल मांडतो. मी आणि दोन शिकलेली मुले तेथे बसतो. कोणीही यावे, भट्टीचा हिशेब, ठेकेदाराची पगारचिठ्ठी, पी.एफ.चा कागद दाखवावा. आम्ही वाचून, बेरीज करून सांगतो. पैसे घेत नाही, जात विचारत नाही. पहिल्या महिन्यात तिघेच आले. गेल्या रविवारी ओटीवर जागा नव्हती. आपापल्या वस्तीत ज्याला वाचता-लिहिता येते त्याने असे एक टेबल मांडावे. त्याला पासपोर्ट लागत नाही.

जय भीम! नमो बुद्धाय!